कुटाळकी आणि कळवळा



बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हातांवर घेऊन कुंडापाशी उभी राहणारी धर्ममाता आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. ती सैतानाचा धिक्कार करते, श्रद्धा प्रकट करते आणि त्या क्षणापासून त्या घराची आप्त होते. रक्ताचे नाते नसताना देवाच्या साक्षीने जडलेले हे नाते. प्राचीन इंग्रजी भाषेत ह्या आप्ताला एक सुंदर नाव होते : 'गॉडसिब', म्हणजे देवाच्या ठायी झालेला नातलग. शतकांमागून शतके गेली आणि झिजत झिजत त्या शब्दाचा 'गॉसिप' झाला. आज त्याचा अर्थ काय, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे : कुटाळकी, चहाडी, दुसऱ्याच्या घरच्या उखाळ्यापाखाळ्या.

शब्दाचे हे पतन कसे झाले ते पाहण्यासारखे आहे. जुन्या काळी इंग्लंडात बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांना मज्जाव असे. सुईण, शेजारणी, मैत्रिणी आणि धर्ममाता होणाऱ्या बाया एवढ्याच तिच्या उशापायथ्याशी बसत. ह्या सर्वजणींना 'गॉसिप' म्हणू लागले. दाराबाहेर ताटकळणाऱ्या पुरुषांना आतले काही ऐकू येत नसे. तेव्हा आत आपलीच उणीदुणी निघत असणार, असे त्यांनी बहुधा ठरवून टाकले! फ्रेंच भाषेतही असेच घडले. धर्ममातेला तेथे 'कोमेर', म्हणजे सहमाता, म्हणत. त्यावरूनच कुटाळकीला 'कोमेराज' हा शब्द रूढ झाला. पोर्तुगीज भाषेतील 'कोमाद्रे'च्या नशिबीही तेच आले. एका पवित्र नात्याच्या नावाला तीन भाषांनी एकच डाग लावावा, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

हे सर्व आज आठवण्याचे कारण घरचेच आहे. आमच्या धर्मग्रामातील स्त्रियांचा एक बचत गट दर रविवारी मिस्सानंतर शाळेच्या जुन्या खोलीत बसत असे. मध्यंतरी एकीच्या कर्जाची गोष्ट बाहेर फुटली, ओट्याओट्यांवर पोहोचली आणि दोन घरांत कडाक्याचे भांडण झाले. काही वडीलधारे पुरुष माझ्याकडे येऊन म्हणाले, "फादर, चार बायका एकत्र आल्या की कुटाळकीच व्हायची. ती खोली बंद करा." मी मान डोलावली आणि किल्ली परत मागून घेतली. त्याला आता महिना होत आला. पुढे जे लिहीत आहे, ते ह्या महिन्यात केलेल्या वाचनाचे आणि थोड्या पश्चात्तापाचे फळ आहे.

चार बायका एकत्र आल्या की कुटाळकी होते, हा आरोप जुना आहे. परंतु अठराव्या शतकातील लंडनमध्ये तो जितक्या मोठ्याने केला गेला तितका क्वचितच कोठे केला गेला असेल. त्या काळी तेथील पुरुषांसाठी गल्लोगल्ली कॉफीगृहे होती. तेथे व्यापाराचे सौदे होत, वर्तमानपत्रे वाचली जात, राजकारण चघळले जाई. कुलीन स्त्रीला तेथे बसण्याची सोय नव्हती. तिचे ठिकाण म्हणजे घरातील चहाचे मेज. चहा चीनहून येई आणि इतका महाग असे की, तो कुलुपाच्या पेटीत ठेवीत. ह्या मेजाभोवती बसून स्त्रिया शेजाऱ्यापाजाऱ्यांची अब्रू चहाबरोबर घोटाघोटाने पितात, असे विनोदी लेखक लिहीत आणि चित्रकार रंगवीत.

आता गंमत पाहा. १२ एप्रिल १७०९ रोजी रिचर्ड स्टील नावाच्या लेखकाने 'टॅटलर' नावाचे पत्र काढले. टॅटलर म्हणजे वटवट करणारा. हे नाव आपण स्त्रीजातीच्या सन्मानार्थ घेतले आहे, असे त्याने पहिल्याच अंकात थट्टेने सांगितले. परंतु पत्रातल्या बातम्या येणार कोठून? तेही त्याने तेथेच नमूद केले. प्रेमप्रकरणे व चैन ह्यांच्या वार्ता 'व्हाइट्स' ह्या चॉकलेटगृहातून, काव्याच्या 'विल्स'मधून, विद्वत्तेच्या 'ग्रीशियन'मधून आणि राजकारणाच्या 'सेंट जेम्स'मधून. चारही ठिकाणी राज्य पुरुषांचे. पाटी स्त्रियांच्या नावाची. माल मात्र पुरुषांच्या दुकानातला! त्याच वर्षी जुलै महिन्यात 'फीमेल टॅटलर' निघाले. एका सर्वज्ञ बाईच्या नावाने त्यात शहरातील ओळखू येण्याजोग्या माणसांच्या भानगडी छापल्या जात. ऑक्टोबरात मिडलसेक्स परगण्याच्या ज्यूरीने त्या पत्राला सार्वजनिक उपद्रव ठरवले. चहाडी छापखान्यात शिरली, ती तेव्हापासून आजतागायत तेथून हललेली नाही.

'व्हाइट्स'चा पुढे पुरुषांचा प्रतिष्ठित क्लब झाला. तेथे १७४३ सालापासूनची पैजांची एक वही आहे. कोणाचे लग्न कोणाशी होईल, कोणाला मूल आधी होईल, कोण आधी मरेल, ह्यांवर मोठमोठ्या सरदारांनी पैसे लावून त्यात सह्या केल्या आहेत. होरेस वॉलपोल ह्या पत्रलेखकाने १७५० साली एक हकिकत लिहून ठेवली आहे. क्लबच्या दाराशी एक माणूस कोसळला. त्याला आत नेले. तो मेला की जिवंत आहे, ह्यावर आतील सभ्य गृहस्थांनी लगेच पैजा लावल्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याची शीर तोडून रक्त काढण्याची तयारी चालली, तेव्हा 'मेला' ह्या बाजूने पैसे लावणाऱ्यांनी हरकत घेतली : अशाने पैजेचा न्याय बिघडेल! हकिकतीला वॉलपोलने तिखटमीठ लावले नसेलच असे नाही. तोही बातम्या पसरविण्यात कमी नव्हता. पण वही खरी आहे, आणि त्या वहीत एकाही चहाच्या मेजाची सही नाही.

८ मे १७७७ रोजी लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात शेरिडनचे 'द स्कूल फॉर स्कँडल', म्हणजे 'निंदेची पाठशाळा', हे नाटक प्रथम रंगभूमीवर आले. पडदा वर जातो तेव्हा लेडी स्नीअरवेल वर्तमानपत्रात बदनामीचा मजकूर पेरण्याच्या उद्योगात दिसते. नाटक अमाप गाजले. प्रेक्षक हसत घरी गेले आणि लेडी स्नीअरवेल म्हणजे स्त्रीजात, असे म्हणू लागले. त्याच दिवाणखान्यात सर बेंजामिन बॅकबाइट आणि त्यांचे मामा क्रॅबट्री हेही पुरुष बसून तितक्याच चवीने लोकांची नावे कापीत होते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिले.

ह्याच लंडनमध्ये, ह्याच वर्षांत, काही स्त्रियांनी ह्या आरोपाला उत्तर दिले. शब्दांनी नव्हे, कृतीने. श्रीमंत घरांतील संध्याकाळ तेव्हा पत्त्यांत आणि जुगारात जात असे. १७५० च्या सुमारास एलिझाबेथ माँटेग्यू, एलिझाबेथ व्हेसी आणि फ्रान्सेस बॉस्कावेन ह्या तिघींनी आपापल्या घरी निराळीच रीत पाडली. पत्ते नाहीत, मद्य नाही. चहा, लिंबाचे सरबत आणि चांगले बोलणे. विषय पुस्तकांचे, इतिहासाचे, धर्माचे, शास्त्रांचे. स्त्रियांबरोबर पुरुषही येत. डॉ. जॉन्सन, एडमंड बर्क, चित्रकार रेनल्ड्स आणि नट गॅरिक ह्यांच्यासारखी माणसे तेथे आनंदाने बसत. बेंजामिन स्टिलिंगफ्लीट नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. बैठकीला शोभतील असे रेशमी मोजे आपल्याकडे नाहीत, म्हणून ते यायला संकोचले; तेव्हा निळे लोकरी मोजे घालूनच या, असे व्हेसीबाईंनी त्यांना सांगितल्याचे म्हणतात. त्यावरून ह्या मंडळाला 'निळे मोजेवाले' हे नाव पडले. मोज्यांपेक्षा माणसाला मान देणारी ती बैठक होती, एवढे ह्या गोष्टीवरून कळते.

व्हेसीबाईंची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. माँटेग्यूबाईंच्या घरी पाहुणे अर्धवर्तुळात बसत. एक बोले, बाकीचे ऐकत. व्हेसीबाईंना त्या वर्तुळाची भीती वाटे. त्या खुर्च्या मुद्दाम वेड्यावाकड्या, दोन-दोन चार-चार मांडून ठेवीत, म्हणजे बुजरे माणूसही बोलते होई. त्यांना स्वतःला ऐकू कमी येई. तरी कानाला नळी लावून त्या ह्या घोळक्यातून त्या घोळक्यात फिरत.

ह्या मंडळातील एलिझाबेथ कार्टर ही डील गावच्या पाळकाची मुलगी. लहानपणी ती अभ्यासात मंद होती, पण हटाला पेटून ग्रीक, लॅटिन आणि हिब्रू शिकली. पहाटे उठता यावे म्हणून तिने उशाशी घंटा टांगून तिची दोरी खिडकीतून बागेत सोडली होती. चर्चचा सेवक चार-पाचच्या दरम्यान येऊन ती ओढीत असे. १७५८ साली तिने एपिक्टेटस ह्या ग्रीक तत्त्ववेत्त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले आणि त्यावर जवळजवळ एक हजार पौंड मिळवले. भावांचे सदरेही तीच शिवी, आणि डॉ. जॉन्सन तिच्या ग्रीकइतकीच तिच्या हातच्या पुडिंगची तारीफ करीत. पहाटे चारला उठून ग्रीक वाचणाऱ्या बाईला शेजारणीची सून काय म्हणाली, हे विचारायला वेळ कोठून मिळणार?

इतके वाचून झाल्यावर मला वाटले की, उत्तर सापडले : मनाला चांगला विषय द्या, म्हणजे जीभ सुधारते. पण पुढचे पान उलटले आणि माझे समाधान टिकले नाही.

त्याच मंडळात हेस्टर थ्रेल नावाची बुद्धिमान स्त्री होती. दारूभट्टीच्या श्रीमंत मालकाशी तिचे लग्न झाले होते. बारा मुले झाली; त्यांपैकी बहुतेक गेली. १७८१ साली पती वारला. ही विधवा आता डॉ. जॉन्सनशी लग्न करणार, अशा वावड्या वर्तमानपत्रांनी उडवल्या. परंतु तिचे मन मुलींना गाणे शिकवणाऱ्या गॅब्रिएल पिओत्सी ह्या इटालियन गवयावर जडले. तो परदेशी, गरीब, पोटासाठी गाणारा, आणि कॅथलिक. जुलै १७८४ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी तिने त्याच्याशी विधिपूर्वक लग्न केले. त्यात पाप कोणते होते? कोणतेच नाही. तरी ज्या दिवाणखान्यांतून पत्ते आणि निंदा हद्दपार झाली होती, त्याच दिवाणखान्यांनी तिच्यावर तोंडसुख घेतले. तिला वेड लागले असावे, असे माँटेग्यूबाईंनी पत्रात लिहिले. जिवलग मैत्रीण फॅनी बर्नी दुरावली. वर्षानुवर्षे तिच्या घरी जेवलेल्या डॉ. जॉन्सननी इतके कठोर पत्र पाठवले की, तिने शांतपणे परंतु ठामपणे आपल्या पतीची बाजू मांडून उत्तर धाडले. तेव्हा म्हातारा विरघळला आणि तिने आपल्यावर केलेल्या उपकारांची आठवण त्याने काढली. त्याच डिसेंबरात तो वारला. पिओत्सी दांपत्याचा संसार मात्र त्याच्या मृत्यूपर्यंत, १८०९ पर्यंत, पंचवीस वर्षे सुखाने चालला.

वाचकहो, ह्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. विद्या जिभेला विषय देते. परंतु लगाम देत नाही. ग्रीक जाणणारी माणसेही एका विधवेच्या लग्नावर नाक मुरडतात. आपल्या मंडळीतला कोणी मंडळीच्या मर्जीबाहेर गेला, की सुशिक्षितांची जीभ अशिक्षितांच्या जिभेइतकीच लांब होते. मग लगाम कशाने मिळतो?

ह्याचे उत्तर मला त्याच मंडळातील एका सभासद स्त्रीच्या पुढील आयुष्यात मिळाले. तिचे नाव हॅना मोर. ती अँग्लिकन पंथाची, आपली नव्हे. 'निळ्या मोज्यां'च्या संभाषणावर तिने एक कविता केली होती आणि ती १७८६ साली प्रसिद्ध झाली. लंडनमध्ये तिचे कौतुक होत होते. पण १७८९ साली विल्बरफोर्स हे गुलामगिरीविरुद्ध लढणारे गृहस्थ तिच्या गावाकडे आले, चेडर येथील दारिद्र्य पाहून अस्वस्थ झाले आणि म्हणाले की, श्रम तुम्ही करा, खर्च मी देतो. हॅना आणि तिची बहीण मार्था ह्यांनी मेंडिप टेकड्यांमधील खेड्यापाड्यांत शाळा काढल्या. तिच्याही दृष्टीला मर्यादा होत्या. गरिबांना वाचायला शिकवावे, लिहायला नको, असे ती मानी. पण शाळांच्या जोडीला तिने एक गोष्ट केली, तिचा मला आज उपयोग आहे. तिने गरीब स्त्रियांचे मदत-मंडळ काढले.

दर आठवड्याला दीड पेनी वर्गणी. सभासद आजारी पडली, तर आठवड्याला तीन शिलिंग. बाळंतपणाला साडेसात शिलिंग. शाळेत वाढलेल्या आणि चांगल्या चालीच्या मुलीचे लग्न ठरले, तर तिला पाच शिलिंग, एक बायबल आणि बहिणींनी स्वतः विणलेले पांढरे मोजे. नियम ठरवताना एक मजेदार वाद झाला. बाया म्हणाल्या, बाळंतपणाचे पैसे कमी केलेत तरी चालेल, पण मयत नीट निघाली पाहिजे. गरीब बाईने जन्मभर राबायचे ते कशासाठी, तर शेवटी जगातून नीटनेटके जाता यावे म्हणून! आपल्या खेड्यातील म्हाताऱ्या आयांना ह्या बोलण्यात परकेपणा वाटणार नाही.

आता नीट विचार करा. असे मंडळ चालवायचे तर काय काय ठाऊक असावे लागते? कोण अंथरुणाला खिळली आहे, कोणाला दिवस गेले आहेत, कोणाच्या मुलीचे जमले आहे, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोण खरोखर आजारी आणि कोण सोंग करते. म्हणजे पाणवठ्यावर ज्या बातम्या चघळल्या जातात, नेमक्या त्याच! बातमीत काडीचा फरक नाही. फरक आहे तो बातमी घेऊन जाणारीच्या हातात. एकीच्या हातात काही नसते. म्हणून ती बातमी पुढच्या दारी नेते. दुसरीच्या हातात तीन शिलिंग असतात. म्हणून ती बातमी आजारणीच्याच दारी नेते. पहिली कुटाळकी, दुसरा कळवळा. 'गॉडसिब' हा शब्द खाली घसरला तो ह्याच पायरीवरून. बाळंतिणीच्या उशाशी हात राबत होते, तोवर तो शब्द पवित्र होता. हात थांबले आणि जीभ उरली, तेव्हा तो बाटला.

हॅना मोरच्या कथेचा शेवट मला, एक धर्मगुरू म्हणून, जिव्हारी लागला. ब्लॅग्डन गावातील तिच्या शाळेच्या शिक्षकाविषयी तेथील पाळकाने तक्रार केली. तक्रारीची अफवा झाली, अफवेची पत्रके झाली. १८०० ते १८०३ पर्यंत तिच्यावर चिखलफेक चालली. ती आजारी पडली. ब्लॅग्डनची शाळा शेवटी बंद झाली. ही कुटाळकी चहाच्या मेजावर झाली नव्हती. ती करणारे बहुतेक पुरुष होते आणि त्यांत धर्मोपदेशक होते. नुकसान कोणाचे झाले? वाद घालणाऱ्यांचे नव्हे. त्या गावच्या पोरांचे.

ते वाचले आणि माझ्या मेजाच्या खणातील किल्ली मला दिसू लागली. कर्जाची ती गोष्ट प्रथम कोणी फोडली, ह्याची मी आता चौकशी केली. ती गटातील बाईने फोडलेली नव्हती. घरी नवऱ्याने ऐकली आणि संध्याकाळी चावडीजवळच्या पारावर सांगितली. मी मात्र न विचारता खोली बायकांची बंद केली. विस्तवाशिवाय धूर निघत नाही म्हणतात. पण विस्तव कोणाच्या चुलीत होता, हे पाहण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. आठवी आज्ञा मी लहान मुलांना दर वर्षी शिकवतो. खोटी साक्ष केवळ बोलून दिली जाते असे नाही. मान डोलावूनही ती देता येते. ह्या गोष्टीची क्षमा मी त्या भगिनींपाशी ह्या जागेवरून मागत आहे.

येत्या रविवारी मिस्सानंतर किल्ली गटाच्या अध्यक्षीणबाईंकडे परत जाईल. सोबत दोन गोष्टी सुचवीन, त्या त्यांना पटल्या तर त्यांनी घ्याव्यात. पहिली : खोलीत जे पैशांविषयी बोलले जाईल ते उंबऱ्याच्या आत राहावे, आणि घरी गेल्यावर नवऱ्याने ते विचारू नये. दुसरी : कोणाच्या अडचणीची बातमी जी सांगेल तिने, "मग आपण काय करायचे?" हा प्रश्न त्याच दमात विचारावा. ज्या बातमीला हा प्रश्न जोडता येत नाही, ती बातमी गिळून टाकावी. पोटात दुखत नाही.

आणि पारावर बसणाऱ्या माझ्या बंधूंनो, हेच दोन नियम तुम्हांलाही लागू आहेत. तुमच्या बैठकीला खोली नाही, कुलूप नाही, म्हणून ती बंद करायला आजवर कोणी किल्ली मागितली नाही, इतकेच. पुढच्या वेळी कुंडापाशी बाळ हातांवर घेऊन एखादी धर्ममाता उभी राहील, तेव्हा तिच्या त्या जुन्या नावाची आठवण करा. ते नाव पुन्हा स्वच्छ करणे तिच्या हाती आहे, तसेच तुमच्या आणि माझ्याही हाती आहे.

तुमचा,
धर्मगुरू